अंतर किती, वेळ किती? फ्लाइट डिस्पॅचमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

डिस्पॅच म्हणजे उड्डाणाआधी विमानाचा रस्ता, फ्युएल आणि वेळ ठरवायचं काम. त्याच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात मला न्यूयॉर्क ते टोकियो रूट काढायला सांगितला. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि सरळ पॅसिफिकवरून रेघ मारली. सिनियर सर काही बोलले नाहीत, त्यांनी टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे सरकवला, हातात दोरा दिला आणि म्हणाले, "आता ताणून बघ." दोरा गेला थेट अलास्कावरून! सपाट नकाशावर जो रस्ता वळसा घेतल्यासारखा दिसतो तोच गोलावर सगळ्यात जवळचा असतो, यालाच ग्रेट सर्कल म्हणतात. सॉफ्टवेअर हे सगळं सेकंदात करून देतं, पण एकदा तरी दोरा ताणून बघाच, डोक्यात कायमचं बसतं.

अंतर नॉटिकल मैलात मोजायची सवय लावून घ्या. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. प्रत्यक्षातला रूट ग्रेट सर्कलपेक्षा लांबच निघतो, कारण एअरवे (विमानांसाठी आखलेले ठरावीक हवाई रस्ते), बंद एअरस्पेस, हवामान हे सगळं मध्ये येतं. २०२२ नंतर बऱ्याच एअरलाइन्सचं रशियावरून जाणं बंद झालं तेव्हा लंडन-टोकियोसारख्या फ्लाइटला दोनेक तास जास्त लागायला लागले, शहरं तर जागची हलली नव्हती.

आता वारा, इथे सगळे नवीन लोक चुकतात. अंतर ३००० नॉटिकल मैल आणि विमानाचा स्पीड ४८० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) धरा, वारा नसेल तर ६ तास १५ मिनिटं. पाठीमागून १०० नॉटचा वारा असेल तर ५ तास १० मिनिटं, तोच समोरून आला तर ७ तास ५४ मिनिटं. म्हणजे जाताना वाचला १ तास ५ मिनिटं आणि येताना गेला १ तास ३९ मिनिटं! जाता-येता हिशोब फिटतो असं अजिबात समजू नका, समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं म्हणून तोटा नेहमी जास्तच, आणि फ्युएलही त्याच हिशोबाने लागतं.

तिकिटावरचा वेळ हा ब्लॉक टाइम असतो, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा, त्यात टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, तेही आलं. हवेतला वेळ त्याहून कमी.

आणि घड्याळ! टोकियोहून सकाळी ११ ला निघालेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ११ च्या सुमाराला उतरू शकतं. मी उन्हाळ्यातल्या फ्लाइटला १४ तासांचा फरक धरला होता, पण न्यूयॉर्क उन्हाळ्यात घड्याळ १ तास पुढे करतं आणि जपान करत नाही, त्यामुळे फरक १३ चा होतो. सरांच्या नजरेला पडलं म्हणून बरं, नाहीतर शिफ्टचं पूर्ण शेड्यूल एक तासाने चुकलं असतं. तेव्हापासून मी आधी सगळं यूटीसीत (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) लिहिते, लोकल टाइम अगदी शेवटी.

सुरुवातीला रोज एक रूट घ्या, दोन्ही दिशांनी हाताने वेळ काढा आणि मगच सिस्टीमचा आकडा उघडा. फरक दहा मिनिटांच्या वर आला तर वारा परत तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.