उन्हाळी मत्स्य सल्ला : शेततळ्यात पाणी घेताना औषधांचे अंश टाळा

मार्च ते मे या काळात निफाड, सिन्नर, येवला भागातील शेततळी उतरतात आणि अनेक जण नदीतून उपसा करून ती पुन्हा भरतात. नेमकी तेव्हाच गोदावरीची धार बारीक असते, त्यामुळे पात्रात नाशिक शहराच्या सांडपाण्याचा वाटा वाढलेला असतो. तपोवन, आगरटाकळी येथील मलनिस्सारण केंद्रे सेंद्रिय घाण काढण्यासाठी आहेत. माणसांच्या लघवीतून येणारी डायक्लोफेनॅक (वेदनाशामक), कार्बामाझेपिन (फिटवरचे औषध) यांसारखी औषधे त्यात पूर्ण निघत नाहीत.

प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यातून पाणी पाझरत नाही. पाणी वाफ होऊन उडते, औषध मागे राहते. 30 × 30 × 3 मीटरचे, 1:1 उताराचे तळे धरा. त्यात 1.5 मीटर पाणी असताना अर्धा मीटर नुसते उन्हाने उडाले, तर टिकाऊ औषधाची तीव्रता दीडपटीहून वाढते. त्यावर पुन्हा तेच पाणी सोडले की आणखी भर. डायक्लोफेनॅक उन्हात बरेच विघटते, कार्बामाझेपिन मात्र चिवट आहे. म्हणून धरणातून थेट येणाऱ्या कालव्याच्या आवर्तनातच तळे भरून ठेवा. सायखेडा-चांदोरीकडे नदीचाच आधार असेल, तर एकदम उपसा न करता वेगळ्या उघड्या तळ्यात पाणी आठवडाभर उन्हात ठेवून मग मासे असलेल्या तळ्यात घ्या. याने सगळे अंश जात नाहीत, पण काही भार नक्की उतरतो.

मासे मेले नाहीत म्हणजे पाणी चांगले, असे समजू नका. स्वीडनमधील 2013 च्या प्रयोगात लिटरमागे सुमारे 2 मायक्रोग्रॅम ऑक्साझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाने पर्च मासे धीट झाले, थव्यातून सुटे फिरू लागले, खाणेही भराभर करू लागले. वरच्या मापाचे तळे पूर्ण भरलेले असेल, तर एवढी तीव्रता व्हायला जेमतेम साडेचार ग्रॅम औषध पुरते. शेततळ्यात थवा मोडला की खंड्या, पाणकावळे आणि बगळ्यांचे फावते. डायक्लोफेनॅक दीर्घकाळ राहिले, तर कल्ले आणि मूत्रपिंडाला इजा होते.

रोज ठरावीक वेळी खाद्य टाका आणि पहिली 20 मिनिटे काठावर थांबा. कटला वर येतो का, काठावर सावली हलली की मासे बुजतात का, किती खाद्य उरते, हे वहीत लिहा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर आधी प्राणवायू मोजा. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर एअरेटर लावा, खाद्य थांबवा. प्राणवायू 5 च्या वर, अमोनिया ठीक, कल्ल्यांवर परजीवी नाहीत, तरीही दुपारी मासे सुस्त असतील, तर पाण्याच्या स्रोतावर संशय घ्या. साध्या किटवर औषधांचे अंश दिसत नाहीत. हापा (पाण्यात बांधलेला बारीक जाळीचा पिंजरा) लावून 10-15 बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) 48 तास ठेवली तर तीव्र विषारीपणा कळतो, हळूहळू होणारी इजा कळत नाही.

गोठ्याकडून येणारा धोका त्याहून जवळचा आहे. उन्हाळ्यात गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारतात. ही औषधे माशांना अत्यंत घातक आहेत, त्यामुळे फवारलेली जनावरे तळ्यात किंवा वरच्या ओढ्यात धुऊ नका, पंपही तिथे विसळू नका. आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचे औषध टोचलेल्या जनावराचे शेण निदान महिनाभर तळ्यात टाकू नका. ते शेणातून उतरते आणि माशांचे नैसर्गिक खाद्य असलेले प्राणी प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) मारते. 50 लिटर पाणी प्लवंग जाळीतून गाळा. 1 ते 2 मिली प्लवंग मिळाले तर ठीक. पाणी हिरवे, पण जाळीत बारीक हलणारे जीव नाहीत, तर गोठ्याकडून येणारे पाणी आधी अडवा. कोंबडीखतातून एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविके येऊ शकतात. हे खत कच्चे तर टाकूच नका. कुजवल्याने डॉक्सीसायक्लिन बरेच कमी होते, एन्रोफ्लॉक्सॅसिन फारसे नाही, म्हणून प्रतिजैविके दिलेल्या शेडचे खत तळ्यापासून दूरच ठेवा.

मासे आजारी दिसले म्हणून प्रतिजैविक पाण्यात ओतू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याने मरतात आणि तीन-चार दिवसांत अमोनिया व नायट्राइट चढते. संशय असेल तर तळाचे 10 ते 15 टक्के पाणी काढून तेवढेच स्वच्छ पाणी भरा. काढलेले पाणी ओढ्यात सोडू नका, बांधावरच्या झाडांना द्या.