एकसारख्या वेगात मोटरसायकल मिसिंग मारत असेल, तर कारण कसे शोधावे

रस्ता मोकळा आहे, गाडी टॉप गिअरमध्ये ताशी 50 ते 60 किलोमीटरने चालली आहे, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ स्थिर आहे आणि तरीही इंजिन मध्येच झटका खाते, म्हणजेच मिसिंग मारते. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा प्लग बदलणे, एअर फिल्टर बदलणे आणि कार्बोरेटर साफ करणे ही तिन्ही कामे एकदम उरकली जातात. त्यामुळे दोष गेला तरी तो नेमका कशाचा होता हे कळत नाही, आणि महिन्याभराने परत आला तर तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट तपासावी किंवा बदलावी. पुढील क्रम कार्बोरेटर असलेल्या एका सिलिंडरच्या गाडीसाठी आहे. आपल्याकडे एप्रिल 2020 पूर्वीच्या बहुतांश गाड्या अशाच आहेत.

सर्वप्रथम झटक्याचा स्वभाव ओळखावा. इंजिन बटण दाबल्यासारखे क्षणात बंद पडून तितक्याच क्षणात सुरू होत असेल, तर संशय विजेच्या बाजूवर घ्यावा. उलट, पेट्रोल रिझर्व्हला येताना गाडी जशी हळूहळू दम सोडते तसे वाटत असेल, तर संशय पेट्रोलवर घ्यावा.

गाडी पंधरा-वीस मिनिटे नीट चालून मगच मिसिंग मारू लागत असेल, तर दोन कारणे हमखास डोळ्यांसमोर यावीत आणि नेमकी हीच दोन एकमेकांसारखी भासतात. पहिले म्हणजे टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजणे. पेट्रोल खाली उतरते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही आणि शेवटी प्रवाह मंदावतो. दुसरे म्हणजे तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग. दोन्हींत गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते, त्यामुळे चहा पिऊन झाल्यावर केलेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. झटके सुरू होताच गाडी कडेला घ्यावी, झाकण उघडून लगेच लावावे आणि इंजिन थंड होऊ न देता निघावे. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष झाकणाचा आहे. फरक पडला नाही, पण अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पडला, तर कॉइल तपासून घ्यावी.

त्यानंतर चोकची, म्हणजे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवणाऱ्या कळीची, चाचणी करावी. चोकची कळ हँडलवर असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ती किंचित ओढावी. झटके कमी झाले, तर इंजिनाला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते आहे असे समजावे. वाढले, तर उलट. पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिन थंड असताना फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालील पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. कचरा लगेच दिसतो, आणि पाणी असेल तर ते तळाशी वेगळे बसते. पावसाळ्यात हे वरचेवर आढळते. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला भेग पडली आहे का, हेही पाहावे. मेन जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारी मुख्य छिद्राची नळी) बदलण्याची घाई मात्र करू नये, कारण तिचा खरा अंमल मूठ तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त उघडल्यावर चालतो आणि एकसारख्या वेगात मूठ जेमतेम पाव उघडी असते. तेथे नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई) आणि पायलट जेट (कमी उघडीप असताना पेट्रोल देणारी छोटी जेट) यांचे काम असते.

विजेच्या बाजूला प्लगपेक्षा प्लगच्या टोपीकडे जास्त लक्ष द्यावे. बऱ्याच गाड्यांत टोपी वायरवर आट्यांनी बसते. ती फिरवून काढावी, वायरचे काळवंडलेले टोक अर्धा सेंटीमीटर कापावे आणि टोपी पुन्हा घट्ट बसवावी. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारल्यास गळणारी ठिणगी डोळ्यांनी दिसते. त्या वेळी वायरला हात लावू नये. प्लगमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा 0.7 ते 0.8 मिलिमीटर, असावे. साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाडीत त्याची सैल वायरही असेच झटके देते.

एवढ्यानेही दोष सापडला नाही, तर थंड इंजिनावर टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) मेकॅनिककडून मोजून घ्यावे.