एसयूव्हीला ट्रेलर हिच बसवताय? या चुका टाळा

दर भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणपतीचं सामान एका गॅरेजमधून शाळेच्या हॉलवर न्यायचं असतं. मखर, फळ्या, स्पीकर, मोठी पातेली. त्यासाठी यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा ५ बाय ८ फुटी बंद ट्रेलर भाड्याने आणतो आणि दर वर्षी एकच प्रश्न फिरतो : हिच कोणाच्या गाडीला आहे? हिच म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे खालून बसवायची लोखंडी चौकट. अमेरिकेतल्या ओहायोत राहून आजवर माझ्या आणि मित्रांच्या मिळून पाच एसयूव्हींना मी हिच बसवली. काम घरच्या ड्राइव्हवेवर होण्यासारखं आहे. जोडीला एक माणूस असेल तर दोन-तीन तास पुरतात. पण ट्रेलरचा सगळा भार शेवटी चार ते सहा बोल्ट पेलतात, आणि बहुतेक चुका नेमक्या त्यांच्याच बाबतीत होतात. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्या बोल्टांनाच दिली आहे.

त्याआधी खरेदीतली एक चूक. हिचवरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो हिचचा असतो, गाडीचा नाही. होंडा सीआर-व्हीला तिच्या क्षमतेच्या दुपटीहून दणकट हिच सहज मिळते, पण पेट्रोलवरच्या सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा १,५०० पाउंडच आहे. यू-हॉलचा तो ट्रेलर रिकामाच ९०० पाउंडांचा. म्हणजे सामानाला उरले ६००. एकाच मॉडेलमध्येही फरक असतो : होंडा पायलट चारही चाकांना ताकद देणारी असेल तर ५,००० पाउंड, फक्त पुढच्या चाकांची असेल तर ३,५००. गाडीची पुस्तिका, हिच, बॉल माउंट (हिचच्या नळीत सरकवायचा दांडा) आणि बॉल (त्या दांड्यावरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो), या चौघांवरचे आकडे शेजारी मांडा. सगळ्यात लहान आकडा आपला. हिचची ती चौकोनी नळी, म्हणजे रिसिव्हर, सव्वा इंची आहे की २ इंची, हेही तेव्हाच पाहून घ्या. पुढे अडॅप्टर लावून सव्वाची दोन केली की क्षमता आणखी घटते.

<b>गंजलेल्या आट्यांत बोल्ट घुसवणे</b>

बऱ्याच एसयूव्हींच्या चॅसीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, कंपनीनेच आतून नट वेल्ड केलेले असतात. हिच वर धरायची आणि बोल्ट आवळायचे, इतकं सोपं. पण इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते पाणी त्या नटांत वर्षानुवर्षं मुरतं. खालून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर आटे दिसतच नाहीत, दिसतो तो तांबूस भुगा भरलेला एक खड्डा.

माझ्या पहिल्या हिचच्या वेळी मी पहिला बोल्ट हाताने दोन फेरे फिरवला, तो अडकला, आणि मी इम्पॅक्ट गन (धक्के देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लावली. बोल्ट आत गेला, पण तिरका. बाहेर काढला तेव्हा आट्यांच्या खाचांत चांदीसारखी लोखंडाची तार गुंडाळलेली होती. ती तार म्हणजे नटाचे आटे. अख्खी हिच खाली उतरवून त्या नटात टॅप मारून आटे पुन्हा पाडावे लागले आणि अर्धा दिवस गेला. माझं नशीब बरं, कारण नटाचा वेल्ड तुटून तो चॅसीच्या आत फिरायला लागला असता तर चॅसीला खिडकी कापण्यावाचून मार्ग नव्हता.

तेव्हापासून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल प्रत्येक नटात मारून ठेवतो. सकाळी नळीसारखा गोल तारेचा ब्रश आतबाहेर फिरवतो. मग बोल्ट फक्त बोटांनी : तीन फेरे आत, दोन फेरे बाहेर, कपड्याने पुसायचा, पुन्हा आत. प्रत्येक वेळी कपड्यावर तपकिरी चिखल येतो. तो येणं थांबेपर्यंत हिच उचलायची नाही. शेवटी नटातलं उरलेलं तेल ब्रेक क्लीनरने धुऊन काढायचं. कारण कंपनीने दिलेला टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल किंवा ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर बोल्ट प्रत्यक्षात हिशोबापेक्षा जास्त ताणला जातो. बरेच जण "गंज लागू नये" म्हणून ग्रीस चोपडतात, आणि त्यांच्या मनात चांगलंच असतं, पण हिचसोबतच्या कागदावर सांगितलं नसेल तर ते करू नका.

सगळे बोल्ट बोटांनी लागल्याशिवाय एकही आवळायचा नाही. एका बाजूचे आधी कसले तर दुसऱ्या बाजूची भोकं सरकतात आणि माणूस पुन्हा गन शोधायला लागतो. शेवटचा कस टॉर्क पान्यानेच, कागदावरच्या आकड्याप्रमाणे. "हाताला कळतं" यावर हे काम सोडू नये.

काही गाड्यांत वेल्ड केलेले नट नसतात. तिथे चौकोनी मानेचा बोल्ट आणि जाड पट्टी चॅसीच्या आतून ओढून आणावी लागते. सोबत टोकाला स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली तार येते. ती गुंडाळी बोल्टच्या भोकातून आत घालून मोठ्या भोकातून बाहेर काढायची, पट्टी तारेत ओवायची, गुंडाळीत बोल्ट फिरवायचा आणि तार मागे ओढायची. इथली चूक म्हणजे तार घाईने काढणे. हिच वर चढवताना धक्का लागतो, बोल्ट आत पडतो, आणि मग चुंबक घेऊन तासभर शोधाशोध. हिच जागेवर बसून नट हाताशी येईपर्यंत तार राहू द्या.

हिचचं वजन ४० पाउंडांच्या आसपास असतं, आणि ती पाठीवर झोपून छातीवर तोलायची नसते. एका टोकाला रॅचेटचा पट्टा, दुसऱ्या टोकाला जॅक. गाडी उचलली असेल तर जॅक स्टँड हवेतच. सायलेन्सर खाली घ्यावा लागला तर त्याच्या रबरी कड्यांना साबणाचं पाणी लावा, सहज निसटतात. सुटलेला सायलेन्सर लोंबकळत ठेवू नका, पुढचा सांधा वाकतो.

<b>बॉल माउंट : उंची न मोजणे, बॉल अंदाजाने घेणे</b>

दुकानात जो बॉल माउंट समोर दिसेल तो उचलणं ही फार सर्रास होणारी चूक. गाडी सपाट जमिनीवर उभी करून जमिनीपासून रिसिव्हरच्या नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ट्रेलर समतल ठेवून जमिनीपासून कपलरच्या (ट्रेलरच्या पुढच्या, बॉलवर बसणाऱ्या टोपीच्या) खालच्या कडेपर्यंत मोजा. रिसिव्हर कपलरपेक्षा जितका वर, तितका उतार असलेला बॉल माउंट. खाली असेल तर चढाचा.

हे का महत्त्वाचं, ते बैलगाडी पाहिलेल्याला लगेच कळेल. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि बैलाच्या मानेवरचं जू वर उचललं जातं. ट्रेलरचं नाक वर राहिलं किंवा सामान मागे भरलं की तेच होतं. बॉलवरचा भार हलका होतो, गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रेलर डुलायला लागतो. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा. २,००० पाउंडांचा ट्रेलर असेल तर २०० ते ३००. यू-हॉलवाले ६० टक्के सामान पुढच्या अर्ध्यात भरायला सांगतात, ते यासाठीच. आमची पातेली आणि स्पीकर पुढे जातात, मखराचा थर्माकोल मागे. तरीही ट्रेलर डुलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय गॅसवरून काढा आणि जोरात ब्रेक दाबू नका.

बॉलचे नेहमीचे आकार तीन : १-७/८, २ आणि २-५/१६ इंच. पहिल्या दोघांत डोळ्याला फरक जाणवत नाही, आणि धोका तिथेच आहे. २ इंची कपलर १-७/८ च्या बॉलवर बसतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात वर उडतो. आकार बॉलच्या माथ्यावर कोरलेला असतो, तो बोट फिरवून वाचा. जोडल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक थोडा फिरवून वर घ्या. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो लागलेलाच नाही.

बॉलचा नटही दुर्लक्षित राहतो. १ इंची दांड्याच्या बॉलला कर्ट कंपनी २५० फूट-पाउंड टॉर्क सांगते. घरचा साधा टॉर्क पाना बहुधा १५० ला संपतो. तेव्हा हा एक नट वर्कशॉपमधून कसून आणण्यात कमीपणा नाही. बॉल माउंट रिसिव्हरमध्ये अडकवणारी पिन घातल्यावर तिची क्लिप विसरू नका. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या पिनेवर ज्याने लक्ष ठेवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल.

<b>दिवे लागत नाहीत, खडखड होते</b>

चार तारांच्या चपट्या जोडणीत पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. डावा इंडिकेटर दिला आणि दोन्ही दिवे मंद लुकलुकले, किंवा ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे विझले, तर बल्ब बदलत बसू नका. शंभरातल्या नव्वद वेळा अर्थिंग कच्चं असतं. पांढऱ्या तारेचा स्क्रू रंगावर घट्ट केलेला असतो. तिथला रंग घासून उघडं लोखंड काढा. आणि आजकालच्या गाड्यांत मागच्या दिव्याची तार सोलून थेट जोड देऊ नका. बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लावा, नाहीतर गाडीचा लायटिंग मॉड्यूल जळू शकतो.

खडखड दोन प्रकारची. ट्रेलर नसताना रिकामा बॉल माउंट नळीत वाजतो, तो तिथे थोडा ढिला असतोच. क्लॅम्प लावा किंवा काम नसताना काढून ठेवा. पण बॉल माउंट काढल्यावरही खड्ड्यात ठक् असा आवाज आला तर आधी सायलेन्सर हिचला टेकतोय का पाहा, आणि मग बोल्ट.

बोल्ट पाहायचे कसे? बसवतानाच प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून हिचच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवतो. पहिल्या फेरीनंतर, आणि मग दर गणपतीच्या आधी, गाडीखाली झोपून त्या रेघा बघतो. रेघ अखंड असेल तर टॉर्क पाना लावून फक्त खात्री करून घ्यायची. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी ट्रेलर जोडायचा नाही. तो बोल्ट पूर्ण सोडायचा, आटे पुसून पाहायचे, आणि आटे शाबूत असतील तरच पुन्हा कसून नवी रेघ ओढायची.