साय-फाय बघताना त्यातला समाज कसा ओळखायचा

आधी राक्षस, यान, यंत्रं सगळं बाजूला ठेवा आणि गोष्ट कुठल्या साली, कुठल्या देशात आली ते बघा, अर्धं काम तिथेच होतं. 1954 चा जपानी पिक्चर गॉडझिला घ्या, ज्यात समुद्रातून आलेला महाकाय राक्षस टोकियो जाळतो. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडून बघितला, त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, 23 खलाशी आजारी पडले, एक सप्टेंबरात गेला, आणि नोव्हेंबरात हा पिक्चर थेटरात. सुरुवातीलाच काय बुडतं त्यात? बोटच! हिरोशिमाला जेमतेम 9 वर्षं झालेली, मग जळणारं टोकियो बघताना लोकांना काय काय आठवलं असेल...

मग बघा, किंमत कोण मोजतंय. यातला शास्त्रज्ञ राक्षसाला मारणारा आपला शोध पुढे कोणी शस्त्र म्हणून वापरू नये म्हणून आधी कागद जाळतो आणि नंतर स्वतःही समुद्राखालीच राहतो, मला तर तो सीन अजूनही आतपर्यंत लागतो.

आणि हो, मूळ जपानीच बघा. 1956 च्या अमेरिकन आवृत्तीत बरीच काटछाट आहे, दोन्ही पाठोपाठ बघितलेत तर काय काय काढलं हेही कळेल.