पेसमेकर बसवून माणूस घरी आणण्याआधी

पलंग, औषधं, हलकं जेवण हे सांगायला नको, ते घरोघरी होतंच. राहतं ते कार्ड. पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक झाले तर हृदयाला शॉक देणारं डिव्हाइस) बसवल्यावर एक छोटं कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि लीडचा, म्हणजे डिव्हाइसपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा, तपशील असतो. गेल्या वेळी आमच्याकडे नेमकं तेच कपाटात राहिलं आणि रात्री कॅज्युअल्टीत "डिव्हाइस कुठल्या कंपनीचं?" याला कोणापाशीच उत्तर नव्हतं. एका कंपनीच्या प्रोग्रामरवर (डिव्हाइस तपासायच्या मशीनवर) दुसऱ्या कंपनीचं डिव्हाइस तपासता येत नाही. नाव माहीत नसेल तर सगळं तिथेच अडतं. म्हणून डिस्चार्जची फाइल हातात आली की आधी कार्ड शोधा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घरातल्या प्रत्येकाला पाठवा. मूळ कार्ड पेशंटच्या पाकिटात. कपाटात नाही, बँकेच्या लॉकरमध्ये तर नाहीच नाही. तात्पुरतं कार्ड दिलं असेल तर पक्कं कधी आणि कुठून मिळणार ते विचारा. ठाण्यात नौपाड्याला ज्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, त्यांनी कार्डाच्या फॉर्मवर सध्याच्या भाड्याच्या घराचा पत्ता आहे ना, हे बघून घ्यावं.

पुढून बटणं असलेले सैल सदरे काढून ठेवा. बनियन डोक्यावरून घालताना हात वर जातो, आणि त्या बाजूचा हात साधारण चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नसतो. नवी लीड सरकू शकते. लोकलमध्ये वरची कडी धरणंही त्यातच आलं. पण मायेपोटी हात झोळीत बांधून ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली हात हलता हवा.

डिव्हाइस बहुधा डाव्या बाजूला असतं. तसं असेल तर घरी आणताना गाडीत मागे उजवीकडे बसवा, म्हणजे पट्टा जखमेवरून जात नाही. पट्टा लावायचाच. शर्टाचा खिसाही डावीकडेच असतो, तेव्हा मोबाइल तिथे ठेवायचा नाही. किमान 15 सेंटिमीटर अंतर, फोन उजव्या कानाला. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह चालतात. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र दोन फूट लांब.

जखम कोरडी ठेवायची, पावडर नाही. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर हॉस्पिटलला फोन. घरी सुई टोचून पाणी काढणं वगैरे अजिबात करू नका. डिव्हाइस कमीत कमी किती ठोक्यांवर लावलंय ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. नाडी त्याच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटलला फोन.

आयसीडीने एक शॉक दिला आणि माणूस बरा असला तर डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरच बरं वाटत नसेल, तर 108. शॉक बसताना पेशंटचा हात धरलेल्याला फार तर झिणझिण्या येतात, इजा होत नाही, तेव्हा घाबरून लांब जाऊ नका. आणि कार्ड घ्या! कासारवडवलीला राहत असाल तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा भरवसा धरू नका. जवळचं कॅथलॅब (हृदयाच्या तपासण्या-उपचारांची खोली) असलेलं कुठलं हॉस्पिटल रात्री पेशंट घेतं, ते आजच विचारून ठेवा.

पुढचं थोडक्यात. एमआरआय चालेल की नाही हे डिव्हाइस आणि लीड दोन्हींवर ठरतं, म्हणजे पुन्हा कार्ड. दातांच्या डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टना आधी सांगा, डायथर्मी (विजेच्या लहरींनी दिलेला शेक) नको. मॉल, मेट्रो, विमानतळावर कार्ड दाखवा, दारातून न रेंगाळता जा, हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका. पुढच्या तपासणीची तारीख कालनिर्णयवर लिहा आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार ते नावासकट ठरवा.