टीव्हीसमोर वही घेऊन बसा: बाई अशीच आणि बाप्या तसाच, हे कोण ठरवतंय ते घरबसल्या कसं पकडायचं

मागच्या पावसात माझ्या भाचीला शाळेतून मासेवालीचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने काढलेली बाई म्हणजे गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर आणि तोंड उघडं, म्हणजे भांडतेय. आता हिची सख्खी आजी गेली तीस वर्षं मालवणच्या मार्केटात मासे विकते, सहावारी साडी नेसते, चष्मा लावते, बांगड्यांचे वाटे लावताना शब्द बोलत नाही आणि कुणाचे किती येणं आहे ते सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "ह्या कोण गो?" तर म्हणाली मासेवाली. म्हटलं मग आजी? "आजी तशी दिसत नाय ना."

आजी रोज डोळ्यासमोर, तरी कागदावर उतरली ती टीव्हीतली बाई. तीसुद्धा मुंबईची कोळीण, तीही गाण्यात नाचते तशी, कारण आमच्या सिंधुदुर्गातले मच्छीमार बहुतेक गाबीत समाजातले, इथे तसं नेसतच नाहीत. मला ते फार लागलं, कारण पोरीला आजीची लाज नव्हती, आजी तिला फक्त 'खरी मासेवाली' वाटत नव्हती.

तेव्हापासून घरात आम्ही एक वही ठेवलीय. ती कशी वापरायची ते सांगते, कुणालाही जमेल.

सुरुवात सिरियलपासून करू नका, तिथे आपण गोष्टीत अडकतो आणि मोजायचं राहून जातं. जाहिरातींपासून करा. जाहिरात वीस-तीस सेकंदांची असते आणि एका संध्याकाळी तीच चार-पाच वेळा लागते. सात ते नऊ बसा, वहीत रकाने आखा: कपडे-भांडी कोण करतंय, गाडी कोण चालवतंय, विमा-कर्ज कोण समजावतंय, आजारी पोराच्या उशाशी कोण बसलंय, जेवणारं कोण आणि वाढणारं कोण. बाई असेल तर रेघ, बाप्या असेल तर फुली. मत मांडायचं नाही, चिडायचं नाही, दोन तास फक्त रेघा आणि फुल्या. आमच्या पहिल्याच दिवशी कपडे-भांड्यांच्या रकान्यात एकही फुली नव्हती, आणि हे मी बोलायच्या आधी भाचीच बोलली.

मग त्याच जाहिराती डोळे मिटून ऐका. बाईचा आवाज बहुतेक वेळा अडचण सांगायला येतो, डाग निघत नाहीत, पोरगा जेवत नाही, आणि शेवटी उपाय सांगायला पुरुषाचा भारदस्त आवाज. नंतर उलटं करा, आवाज बंद करून नुसतं बघा. अर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली शेकडो जाहिरातींचे फोटो शेजारी शेजारी मांडून हेच दाखवलं होतं, की पुरुष उंच जागी, सरळ उभा, काहीतरी दाखवतोय नाहीतर शिकवतोय, आणि बाई मान कलती करून, वस्तू घट्ट धरायच्या ऐवजी बोटांनी नुसती कुरवाळत. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं, साबणापासून दागिन्यांपर्यंत.

घरात कोणीतरी म्हणणारच, जाहिरात ती, बघायची नि विसरायची, कशाला एवढा विचार. आमच्याकडे भाऊ म्हणाला. त्याला मी एवढंच विचारलं की विसरायचीच असती तर कंपन्यांनी एवढे कोटी घातले असते काय रे. एका जाहिरातीने कुणाचं मन बदलत नाही हे खरं, पण अमेरिकेत जॉर्ज गर्बनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं टीव्हीचा अभ्यास करून सांगितलं की जे लोक खूप टीव्ही बघतात त्यांना हळूहळू खरं जगसुद्धा टीव्हीतल्यासारखंच वाटायला लागतं. माझ्या भाचीचं चित्र म्हणजे तेच की.

आता सिरियल. इथे अ‍ॅलिसन बेक्डेल ह्या अमेरिकन चित्रकर्तीने १९८५ साली एका कॉमिक स्ट्रिपमधून मांडलेली कसोटी लावा: गोष्टीत निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि नवरा-मुलगा-प्रियकर सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. ह्यात नापास झाली म्हणून सिरियल वाईट असं नाही, आणि पास झाली म्हणून चांगलीही नाही, पण आठवडाभर लावून बघा म्हणजे कळेल तिसऱ्या प्रश्नाला किती एपिसोड अडतात. शिवाय आपण कोकणातल्या लोकांनी अजून एक रकाना घालायलाच हवा: मालवणी कोण बोलतंय? कामवाला, भांडखोर शेजारी, भुताच्या गोष्टी सांगणारा म्हातारा. डॉक्टर, वकील, नायिका मात्र पुस्तकी मराठीत. मालवणीतून कोणी गंभीर निर्णय घेताना दिसलं तर वहीत तारीख टाका, आमच्याकडे अशा तारखा फार थोड्या आहेत.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि बरेच लोक ती गाळतात. वही मिटायची नाही, टीव्ही बंद करून तेच रकाने आपल्या वाडीला लावायचे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आणि सिंधुदुर्गात १०३६, अख्ख्या राज्यात हजाराच्या वर असलेले हे दोनच जिल्हे. कारण आपल्याला माहितीच आहे, बाप्ये मुंबईला. म्हणजे पिढ्यानपिढ्या शेत लावणं, गडी बघणं, घर शाकारून घेणं, सोसायटीत जाणं, लिलावात बोली लावून मासे घेणं हे बायकांनीच केलंय, आणि टीव्हीवरची कोकणातली बाई अजून उंबऱ्यात उभी राहून वाट बघतेय. उलट बाजूनेही बघा. ट्रॉलर आठ-आठ दिवस समुद्रात असतो तेव्हा कालवण कोण करतं? खलाशीच. माझ्या भाच्याला हे विचारलं तेव्हा तो गप्पच झाला, कारण त्याचा बाबाच बोटीवर जेवण करतो, आणि हा घरी ताट उचलत नव्हता. मुलगे रडत नाहीत, मुलगे चुलीकडे जात नाहीत हाही आधीच ठरवून टाकलेला साचाच, त्याने मुलग्यांचंही नुकसानच होतं.

बातम्यांसाठी वेगळी युक्ती आहे, वाक्य उलटवून वाचायची. 'घर सांभाळून गावाचा कारभार करणाऱ्या महिला सरपंच', आता तिथे पुरुष टाका, 'घर सांभाळून कारभार करणारे पुरुष सरपंच'. विचित्र वाटलं ना, मग पहिलं वाक्यही तितकंच विचित्र आहे. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी हे कौतुक संपलेलं नाही. 'महिलेवर अत्याचार' असा मथळा दिसला की बघा, केला कोणी तो माणूस वाक्यात आहे का, का अत्याचार आपोआप झाला. आणि बातमीत ज्यांचं म्हणणं घेतलंय, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची नावं मोजा. जगभर अशी मोजणी १९९५ पासून दर पाच वर्षांनी होते, तेव्हा बातम्यांतल्या शंभरातल्या १७ जणी बायका होत्या, २०२० मध्ये २५. पंचवीस वर्षांत आठ.

मोबाइलचं थोडक्यात: पोरांचा फोन आणि पोरींचा फोन शेजारी ठेवून रील्स सरकवा, दोघांना काय काय दाखवतोय ते दोघांनाही एकत्र बघू दे. नको असलेल्यावर थांबू नका, तिथेच 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. ग्रुपवर बायकोवरचा विनोद आला तर भांडण काढू नका, 'ह्यात हसण्यासारखं काय ते समजलं नाही, सांगा' एवढंच लिहा, समजावून सांगता सांगता माणूस स्वतःच थांबतो.

आणि खरंच गंभीर जाहिरात असेल तर तक्रार करा, लोक करत नाहीत म्हणून तसंच चालू राहतं. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल म्हणजे आस्की, १९८५ पासूनची जाहिरातवाल्यांचीच संस्था, तिने २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साच्यांबद्दल नियमावली काढली. वेबसाइटवर तक्रार करता येते. चॅनेल, तारीख, वेळ, उत्पादनाचं नाव लिहा, जमलं तर स्क्रीनचा फोटो किंवा व्हिडिओ जोडा, आणि 'संस्कृतीला धक्का' वगैरे न लिहिता नेमकं काय दाखवलंय तेवढं लिहा. फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं, ते वर्षानुवर्षं लोक बोलत राहिले म्हणून.

आमची जाहिरातींची पानं भरली. सोमवारपासून साडेसातच्या बातम्या मोजायच्यात, रकाने भाचीने आधीच आखून ठेवलेत, आणि आजीने सांगितलंय की मार्केटातून आली की फुल्या ती मारणार.