अमेरिकेत रँचवर ग्रुपने जायचंय? मग आधी हे वाचा

आम्ही चार फॅमिली, मुलं आणि भारतातून आलेले माझे सासू-सासरे धरून सोळा जण, कोलोरॅडोत एका गेस्ट रँचवर (म्हणजे पाहुण्यांना राहायला ठेवून घोड्यावर फिरवणाऱ्या मोठ्या फार्मवर) आठवडाभर राहून आलो, तेव्हापासून सगळे विचारतायत की कसं जमवलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

बुकिंग लवकर करा, शक्यतो आधीच्या हिवाळ्यातच. सीझनमध्ये बऱ्याच रँच रविवार ते शनिवार असा अख्खा आठवडाच देतात, त्यात केबिन, तिन्ही वेळचं खाणं आणि रोजचं रायडिंग आलं. टिप मात्र वेगळी, बिलाच्या साधारण १५ ते २० टक्के, ती बजेटमध्ये पहिल्यापासून धरा नाहीतर शेवटच्या दिवशी हिशेबावरून तोंडं वाकडी होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रँचवाले प्रत्येकाचं वजन, उंची, वय आणि घोड्यावर बसायचा अनुभव विचारतात, तिथे खरं तेच लिहा. त्यावरूनच तुमचा घोडा ठरतो आणि बहुतेक आठवडाभर तोच तुमच्याकडे असतो. वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी २२५ ते २५० पौंड, म्हणजे १०२ ते ११३ किलोच्या आसपास असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, घोड्याच्या पाठीचा प्रश्न आहे. आणि माथेरानला बसलो होतो म्हणजे अनुभव आहे असं समजू नका, तिथे लगाम धरून घोडेवाला बरोबर चालतो, इथे घोडा तुम्हालाच सांभाळायचा असतो. आमच्यातल्या एकाने "बऱ्यापैकी येतं" असं लिहिलं, त्याला चपळ घोडा मिळाला, आणि पहिल्याच दुडक्या चालीला तो इतका घाबरला की पुढचे दोन दिवस घोड्याजवळ गेला नाही. फार वाईट वाटलं आम्हाला, पैसे गेले ते वेगळंच.

म्हणूनच सगळ्यांनी एकत्रच राइडला जायचं हा हट्ट धरू नका. ज्याला जसं येतं तसे गट पडू द्या, लहान मुलांना बऱ्याचदा ट्रेलवर नेतच नाहीत, कुंपणाच्या आत फिरवतात. माझ्या सासूबाई एकदाही बसल्या नाहीत, पण रोज सकाळी घोड्यांना खरारा करायला जायच्या आणि त्यांना ट्रिप सगळ्यात जास्त आवडली. एकत्र यायला जेवण आणि शेकोटी आहेच की.

बसताना डावीकडून बसायचं, घोड्याच्या मागून कधीच जवळ जायचं नाही, खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जायचं म्हणजे तो दचकत नाही. वेस्टर्न पद्धतीत दोन्ही लगाम एका हातात असतात, जिकडे वळायचं तिकडे हात न्यायचा, ओढाओढ नको. टाचा खाली, चढावर थोडं पुढे झुका, उतारावर सरळ बसून किंचित मागे. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याइतकं अंतर ठेवा आणि वाटेत गवत खाऊ देऊ नका, एकदा सवय लागली की तो दर चार पावलांवर थांबतो. थोडं चालल्यावर तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) सैल पडतो, खोगीर सरकतंय असं वाटलं तर लगेच रँगलरला, म्हणजे घोडे सांभाळून राइडला नेणाऱ्या माणसाला, सांगा, संकोच करू नका.

कपड्यांत जीन्स आणि थोडी टाच असलेले बूट हवेतच, सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आत सरकू शकतात. हेल्मेट मागून घ्या, मुलांना तर घालाच. जुलैतही रात्री जॅकेट लागतं, दुपारी विजांसह पाऊस येतो, रँगलर मागे फिरा म्हणाला की फिरायचं. जागा डोंगरात उंचावर असल्यामुळे डोकं दुखतं, पाणी भरपूर प्या.

जेवणात बीफ खूप असतं, त्यामुळे शाकाहारी किती आणि अंडं कोणाला चालतं हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, आमच्या कुकने राजमा, भाज्या, मक्याचा ब्रेड मस्त केलं, तरी मेतकूट आणि लोणचं न्याच.

दोन-तीन दिवसांनी मांड्या भयंकर आखडतात. त्या दुपारी राइड सोडा आणि मुलांना घेऊन ओढ्यावर जा.